रेल्वेचं घड्याळ ओळखायचं कसं? आधी मागचं झाकण उघडा

ज्या खिशातल्या घड्याळाच्या तबकडीवर धूर सोडणारं इंजिन रंगवलेलं असतं, ते घड्याळ बहुतेक वेळा कुठल्याही इंजिन ड्रायव्हरच्या खिशात कधी गेलेलंच नसतं. हे शहाणपण मला एका घड्याळजींनी शिकवलं, पण मी पैसे मोजून बसल्यावर. जुन्या बाजारातून मोठ्या हौसेने आणलेलं घड्याळ मी त्यांच्यापुढे ठेवलं. चांगलं जाडजूड, तबकडीवर इंजिन, मागच्या झाकणावर आणखी एक इंजिन. त्यांनी नखाने झाकण उचकटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मान वर न करता म्हणाले, "साहेब, गाडी बाहेरच उभी आहे. आत काही नाही."

आत पत्र्यासारखं पातळ मशीन होतं. ना बनवणाऱ्याचं नाव, ना नंबर. ते घड्याळ मी अजून ठेवलंय. नवीन कुणी या छंदाबद्दल विचारायला आलं की आधी तेच त्याच्या हातात देतो.

हा लेख अमेरिकन रेल्वेच्या घड्याळांबद्दल आहे, कारण 'रेलरोड ग्रेड', म्हणजे रेल्वेच्या अटींना उतरणारं घड्याळ, ही भानगड खरी तिथली. आपल्याकडे आणि इंग्लंडात घड्याळ बहुधा रेल्वे कंपनीच्या मालकीचं असे. मागच्या झाकणावर कंपनीची आद्याक्षरं आणि नंबर कोरून ते कर्मचाऱ्याच्या हाती दिलं जाई. त्यामुळे तशा घड्याळांत पहिला पुरावा झाकणावरच मिळतो. अमेरिकेत मात्र कर्मचारी स्वतःच्या पैशाने घड्याळ घेई आणि रेल्वे फक्त ते पास की नापास एवढं ठरवी. म्हणून तिथल्या घड्याळावर रेल्वेचं नाव सहसा नसतंच. ओळख पटवायची ती मशीनवरून.

नियम कशासाठी होते

अमेरिकेतले बरेचसे लोहमार्ग एकेरी. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांपैकी कुणी कुठल्या स्टेशनात बाजूला थांबायचं, हे वेळापत्रक आणि लेखी हुकूम यांवर ठरे. म्हणजे सिग्नलचं काम घड्याळच करी. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी गावोगावच्या वेळा सोडून प्रमाणवेळ घेतली. (आपल्याकडे हे १ जानेवारी १९०६ ला झालं. तोवर रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि मुंबई शहर तर त्यानंतरही अनेक वर्षं ३९ मिनिटं मागे राहण्याचा हट्ट धरून होतं.)

एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टन स्टेशनाजवळ टपालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच चार मिनिटं बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं, असं सांगतात. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिरे वेब बॉल यांना त्या रेल्वेने घड्याळ तपासणीचं काम दिलं, आणि पुढे त्यांची पद्धत अनेक रेल्वेंनी उचलली. बॉल यांच्यामुळेच सगळं सुरू झालं असं मात्र समजू नका. काही रेल्वेंवर तपासणी आधीपासून होती. बॉल यांनी ती शिस्तीत बसवली आणि धंदाही उत्तम केला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत साधारण या अटी ठरल्या (यातल्या शब्दांचे अर्थ पुढे येतीलच): आकार १६ किंवा १८, काचेवर झाकण नको, चावी (म्हणजे चावी द्यायचं बोंडूक) बाराच्या डोक्यावर, किमान १७ ज्वेल, पाच स्थितींत आणि थंडी-उन्हात जुळवलेलं मशीन, पांढऱ्या तबकडीवर ठळक साधे आकडे, ठळक काळे काटे, वेळ लावायला लिव्हर, आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. प्रत्येक रेल्वेचे नियम थोडे वेगळे होते आणि ते कडक होत गेले. १८९५ ला पास झालेलं घड्याळ १९१० ला नापास होऊ शकत होतं. त्यामुळे 'हे रेल्वेचं आहे का' या प्रश्नाला जोडूनच 'कुठल्या साली' हा प्रश्न विचारायचा.

पायरी पहिली: उघडणं

साहित्य थोडंच लागतं. दहापट दाखवणारं भिंग, मिलिमीटरचा कॅलिपर, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा आणि टेबलावर अंथरायला पांढरा सुती रुमाल. रुमालाचा कंटाळा करू नका. टाइल्सवर पडलेलं घड्याळ म्हणजे तुटलेला बॅलन्स स्टाफ (मागेपुढे झुलणाऱ्या बॅलन्स चक्राचा आस), आणि तो बदलायला येणारा खर्च कधीकधी घड्याळाच्या किमतीला जाऊन भिडतो.

रेल्वेच्या बहुतेक घड्याळांचं मागचं झाकण आट्यांचं असतं. घड्याळ डाव्या हातात घट्ट धरा, उजव्या तळव्याचा मांसल भाग झाकणावर दाबा आणि काटे फिरतात त्याच्या उलट दिशेने फिरवा. घसरत असेल तर मध्ये ट्यूबचा तुकडा घ्या. झाकणाच्या कडेला नख अडकवण्यापुरती ओठासारखी खाच असेल तर ते बिजागरीचं झाकण, ते अंगठ्याच्या नखाने उघडा. आत कधी आणखी एक झाकण निघतं. तिसरा प्रकार नवख्याला हमखास फसवतो. मागून उघडायला काहीच नसतं, आणि माणूस सुरी घेऊन बसतो. अशा वेळी पुढची काचेची कडी फिरवून काढा, चावी हलकेच वर ओढा, की मशीन बिजागरीवर दारासारखं बाहेर झुलतं. याला स्विंग-आउट म्हणतात. सुरीच्या ओरखड्यांनी विद्रूप झालेल्या कडा मी इतक्या पाहिल्यात की सुरी हा शब्दच इथे नको.

पायरी दुसरी: मशीन वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझ्यापुढे आत्ता हॅमिल्टन या अमेरिकन कंपनीचं एक ९९२ उघडं पडलंय, तेच बघू.

निकेलच्या पट्ट्यांवर तिरप्या लहरींची नक्षी आहे. उजेडात घड्याळ हलवलं की पैठणीच्या पदरासारखी ती रंग बदलते. या नक्षीला डमास्कीनिंग म्हणतात. रेल्वेचा इन्स्पेक्टर सोडून ती कुणी बघणार नव्हतं, तरी केलीय. पट्ट्यांवर कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरलाय: कंपनीचं नाव, लँकेस्टर हे गाव, '२१ ज्वेल्स', 'ॲडजस्टेड ५ पोझिशन्स', ९९२ हा ग्रेड (म्हणजे मशीनचा प्रकार) आणि शेवटी सीरियल नंबर. यातला नंबर आधी वहीत उतरवून घ्या.

नंबर म्हणजे मशीनवरचा, झाकणावरचा नव्हे. झाकणाचा नंबर झाकण बनवणाऱ्याचा असतो. त्यावरून घड्याळाचं साल काढायला गेलात तर १९१५ चं घड्याळ १८८० चं ठरतं आणि विकणारा खूश होतो. मशीनच्या नंबरावरून ग्रेड आणि अंदाजे साल सांगणारे तक्ते आज इंटरनेटवर फुकट बघता येतात. पेनसिल्वेनियातल्या कोलंबिया गावी घड्याळ संग्राहकांची राष्ट्रीय संघटना आणि तिचं संग्रहालय आहे, त्यांच्या मंडळींनीही यावर दांडगं काम केलंय. साल मात्र 'अंदाजे'च धरा. कारखाने नंबरांचे गठ्ठे आधीच नेमून ठेवत, आणि बनलेलं मशीन विकलं जाईपर्यंत काही वर्षं जाऊ शकत.

ज्वेल म्हणजे आसांच्या टोकांना बसवलेले माणकाचे खडे. त्यांचा हिशेब एकदा समजला की फसवणूक पुष्कळ टळते. बॅलन्स चक्राला चार, त्याच आसावरच्या रोलरला एक, पॅलेटच्या (एस्केप चक्राला दात-दात करून अडवणाऱ्या आकड्याच्या) दोन टोकांना दोन, झाले सात. हे स्वस्त घड्याळ. पॅलेटचा आस, एस्केप चक्र, चौथं आणि तिसरं चक्र यांना दोन-दोन, म्हणजे १५. मधल्या चक्राला दोन, १७. एस्केप आणि पॅलेटच्या आसांवर वरून-खालून टोपीचे खडे घातले की २१. मेनस्प्रिंगच्या, म्हणजे चावी दिल्यावर ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगच्या, डब्याला दोन, २३. आता कुणी '२३ ज्वेल' लिहिलेलं मशीन दाखवलं आणि त्यात मधल्या चक्राच्या टोकाला खडाच दिसला नाही, तर लिहिलेल्यावर जायचं की दिसतंय त्यावर, हे तुम्हीच ठरवा.

पाच स्थिती म्हणजे तबकडी वर, तबकडी खाली, चावी वर, चावी डावीकडे, चावी उजवीकडे. घड्याळ खिशात असो, टेबलावर असो, इंजिनाच्या धक्क्यांत असो, वेळ सारखीच पडावी म्हणून कारागीर ते प्रत्येक स्थितीत जुळवत असे. जुन्या मशीनवर नुसतंच 'ॲडजस्टेड' लिहिलेलं सापडतं. ते वाईट नव्हे, पण नंतरच्या नियमांना पुरत नाही.

आकार तबकडीखालच्या पाटाचा मोजतात, केसचा, म्हणजे बाहेरच्या कवचाचा नव्हे. १६ साइज म्हणजे ४३.१८ मिलिमीटर, १८ साइज म्हणजे साधारण ४४.८७. फरक दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, पण हातात घेतल्यावर जाणवतो तो जाडीमुळे. जुन्या १८ साइजच्या मशीनमध्ये बॅलन्स चक्र पाटाच्या वर बसवलेलं असतं, त्यामुळे घड्याळ भाकरीसारखं फुगीर लागतं. १६ मध्ये चक्र पट्ट्यांच्या ओळीत बसलं आणि घड्याळ चपटं झालं.

पायरी तिसरी: लिव्हर

चावी ओढून वेळ लावता येत असेल तर ते घड्याळ पुढच्या काळातल्या बहुतेक रेल्वेंनी नाकारलं असतं. कारण साधं आहे. चावी देता देता ती चुकून ओढली गेली आणि काटे सरकले, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

लिव्हरचं घड्याळ लावायचं असं: काचेची कडी फिरवून काढा. तबकडीच्या कडेला, बहुधा एक ते दोनच्या दरम्यान, नखात मावेल एवढं पोलादी टोक दिसेल. ते नखाने सरळ बाहेर ओढा, चावी फिरवून काटे लावा, टोक आत ढकला, मग कडी बसवा. टोक बाहेर असतानाच कडी दाबली तर तबकडीची कड फुटते, आणि चिनीमातीसारख्या मुलाम्याची तबकडी सांधून पूर्ववत होत नाही. टोक येत नसेल तर जोर करू नका, घड्याळजींकडे न्या.

एकाच ग्रेडची काही मशीनं लिव्हरची आणि काही चावी ओढण्याची, अशीही बनली. म्हणून नुसतं वॉल्थम कंपनीचं 'व्हॅनगार्ड आहे' किंवा एल्जिनचं 'रेमंड आहे' एवढ्यावर भागत नाही, कडी काढून टोक डोळ्यांनी बघा.

पायरी चौथी: तबकडी आणि काटे

चांगली तबकडी तांब्याच्या पत्र्यावर काचेचा मुलामा भाजून केलेली असते. तिच्यावर केसासारख्या तडा असतात, त्या समोरून दिसत नाहीत. खिडकीशी उभं राहून उजेड आडवा पाडा, मग दिसतात. सेकंदाची वाटी आणि मधला भाग वेगवेगळ्या पातळीवर असेल तर ती डबल-संक तबकडी, म्हणजे तीन तुकडे जोडून केलेली. बाहेरच्या कडेला १ ते ६० सगळी मिनिटं आकड्यांत लिहिलेली असतील तर ती माँटगोमेरी तबकडी. सांता फे रेल्वेच्या घड्याळ तपासणीचे प्रमुख माँटगोमेरी यांच्यावरून हे नाव पडलं. 'दहा वाजून सदतीस' हे वाचताना चूक नको, एवढाच तिचा हेतू.

या तबकड्यांना मागणी असल्यामुळे त्या बदललेल्याही असतात. तबकडीवर एका कंपनीचं नाव आणि मशीनवर दुसरीचं असेल तर ते जोडलेलं घड्याळ. बॉलचं घड्याळ याला अपवाद, कारण बॉल यांचा स्वतःचा कारखाना नव्हता. हॅमिल्टन, वॉल्थम वगैरे कारखान्यांकडून मशीनं करवून घेऊन ते त्यांवर आपलं नाव घालत. पण तिथेही मशीनवर बॉल हे नाव हवंच, नुसतं तबकडीवर असून भागत नाही.

आणखी एक खूण. तबकडीवर सेकंदाची वाटी सहाच्या जागी आणि चावी तीनच्या जागी असेल, तर ते झाकणवाल्या हंटर घड्याळाचं मशीन उघड्या केसमध्ये बसवलेलं आहे. अमेरिकन मंडळी त्याला साइडवाइंडर म्हणतात. हॅमिल्टनच्या ९९२ चं हंटर भावंड ९९३. मशीन तितकंच उत्तम, पण रेल्वेच्या अटीत बसत नाही.

पायरी पाचवी: केस

त्या काळी गिऱ्हाईक दुकानात जाऊन मशीन वेगळं आणि केस वेगळी निवडत असे. म्हणून मशीन आणि केस यांचे नंबर जुळत नाहीत, याचा दोष मानू नका. खरी भानगड ओळखायची तर मशीन केसला धरून ठेवणारे दोन स्क्रू बघा. त्यांच्या डोक्यांचा वळ केसच्या आतल्या कडेवर उमटतो. स्क्रू दोन आणि वळ चार असतील, तर या घरात आधी दुसरं कुणी राहून गेलंय.

झाकणाच्या आत '२० वर्षं' किंवा '२५ वर्षं' असा शिक्का दिसला की ती केस भरीव सोन्याची नाही. वरचा सोन्याचा थर इतकी वर्षं टिकेल, ही बनवणाऱ्याची हमी. १४ कॅरट असं स्वच्छ लिहिलेली भरीव केसही मिळते, पण सोन्याचा भाव चढला की अशा केसा वितळवल्या गेल्या आणि उघडी मशीनं डब्यांतून विकली गेली. सोनाराकडे कस लावायला नेऊ नका, कानशीचा एक घाव शंभर वर्षांच्या कडेवर कायम राहतो. निकेल-चांदीसारख्या मिश्रधातूच्या साध्या केसा रेल्वेच्या लोकांनी भरपूर वापरल्या, आणि मला त्याच जास्त प्रामाणिक वाटतात. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर यांतलं काहीही लावू नका. मऊ फडकं पुरे. झाकणावर इंजिन कोरलेलं असेल तर छान, पण त्याला पुराव्याची किंमत शून्य. खऱ्या केसांवरही ते असतं आणि खोट्यांवरही.

पायरी सहावी: चालतंय का

विकणारा म्हणतो, "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलंय." चावी पूर्ण देऊन घड्याळ बंद पडत नाही. वाळलेलं तेल, मोडलेली टोकं किंवा गंजलेली हेअरस्प्रिंग (बॅलन्स चक्राची केसासारखी बारीक स्प्रिंग) यांपैकी काहीतरी असतं. घड्याळ आडवं धरून अलगद फिरवा. बॅलन्स चक्र मोकळं झुललं आणि हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर झाली, तर आशा आहे. तबकडी वर असताना चालतं आणि खाली केली की थांबतं, असं असेल तर बॅलन्सच्या आसाचं एक टोक गेलेलं असण्याची दाट शक्यता. हेअरस्प्रिंगला बोट लावायचं नाही, धूळ दिसली तरी फुंकर मारायची नाही. फुंकरीत दमटपणा असतो.

चालणारं घड्याळही आधी साफ करून, तेल घालून घ्या. वाळलेल्या तेलात चालवलं तर आस झिजतात. त्यानंतर आठवडाभर रोज ठरावीक वेळी पूर्ण चावी द्या आणि मोबाइलच्या वेळेशी फरक लिहून ठेवा. आठवड्याला ३० सेकंद म्हणजे दिवसाला साधारण चार. सेकंदाला पाच टिकटिक, तासाला १८,०००, हे ऐकून वेग मोजणारी ॲप्स आहेत, पण सुरुवातीला वहीच बरी. फरक एकसारखा असेल तर रेग्युलेटरचा बारीक स्क्रू किंचित फिरवून तो काढता येतो. एका दिवशी दहा सेकंद पुढे आणि दुसऱ्या दिवशी पंधरा मागे असेल, तर स्क्रूला हात लावू नका, रोग वेगळा आहे.

पहिलं घड्याळ कोणतं

माझं मत विचाराल तर हॅमिल्टन ९९२. लाखोंनी बनलं, सुटे भाग मिळतात आणि चुका सुधारायला सोपं आहे. १९४० नंतरचं ९९२बी त्याहून भक्कम, पण त्याची मजा थोडी कारखानी. इलिनॉय कंपनीचं बन स्पेशल दिसायला सर्वांत देखणं. वॉल्थमचं व्हॅनगार्ड आणि क्रिसेंट स्ट्रीट, एल्जिनचं बी. डब्ल्यू. रेमंड आणि फादर टाइम, ही सगळी पहिल्या घड्याळाला योग्य. रेमंड हे शिकागोचे माजी महापौर आणि एल्जिन कंपनीचे पहिले अध्यक्ष, त्यांचंच नाव कंपनीच्या पहिल्या मशीनला दिलं.

'रेलरोड स्टाइल' हा शब्द दिसला की हात आखडता घ्या, त्याचा अर्थ फक्त 'तसं दिसणारं'. ऑनलाइन घेत असाल तर पाच फोटो मागा: नंबर वाचता येईल असं मशीन, काच काढलेली तबकडी, लिव्हरचं बाहेर ओढलेलं टोक, झाकणाची आतली बाजू, आणि स्क्रूंजवळची केसची कड. पाचवा फोटो मागितला की अर्धे विकणारे उत्तरच देत नाहीत. सोय होते.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या पाकिटात नको, चामडं ओल धरतं.

झाकणाची आतली बाजू परत एकदा भिंगाखाली धरा. तिथे सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं आणि आकडे सापडतील. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की आपली खूण तिथे ओढून ठेवत. माझ्या ९९२ मध्ये अशा सहा खुणा आहेत, वेगवेगळ्या हातांच्या. सर्व्हिसिंग झाल्यावर आमच्या घड्याळजींनी विचारलं, "मी पण टाकू का माझी?" मी आधी नको म्हणालो. मग म्हटलं, टाका. त्यांनी सुई घेतली आणि सहाव्या खुणेखाली देवनागरीत आपलं आद्याक्षर आणि तारीख ओढली.